बळदातली चांदी आणि घरातले पाच उपाय

पत्र :

"आमचं दक्षिण कसब्यात जुनं माळवदाचं घर आहे. मधली खोली पाडून स्लॅब टाकायला घेतलाय. परवा गवंड्यानं भिंतीतलं बळद (धान्य साठवायची पोकळी) फोडलं तर तळाच्या मातीत एक पितळी गडवा निघाला, तोंडात फडक्याचा बोळा कोंबलेला. आत चांदीचे अकरा रुपये, पायातले तोडे, जोडवी, बाळाचे वाळे, खंडोबाचा टाक आणि हळदीकुंकवाची लहानशी कुयरी. सगळं काळंठिक्कर. काही रुपयांवर हिरवं चढलंय, दोन-तीन रुपयांवर राखाडी खरपुडी आहे, ती नखानं निघत नाही. आजेसासूबाईंचं असणार असं घरात सगळे म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, 'चिंच लावून घास की गं, त्यात काय एवढं!' जाऊबाईंनी पितांबरी काढून ठेवलीय, शेजारीण म्हणते विभूती लाव. मुलगा मोबाइलवर बघून फॉइल, खायचा सोडा आणि मीठ घेऊन तयार आहे. त्यानं एक रुपया टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशनं घासूनही टाकला. चमकला खरा, पण बादशहाची दाढी पुसट झाल्यासारखी वाटते. बाकीचं कशानं साफ करू? गौरी बसायच्या आत लखलखीत व्हायला हवं."

– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर :

ताई, ब्रश, चिंच, पितांबरी सगळं उचलून ठेवा आणि गडवा होता तसा एका कोरड्या परातीत काढून ठेवा. आतली माती, फडक्याचा बोळा, काही टाकू नका. गडवाही घासायचा नाही. कारण पुढे येईलच.

बादशहाची दाढी खरंच पुसट झाली आहे, तुम्हाला वाटतंय असं नाही. टूथपेस्टमध्ये सिलिकाची किंवा चुनखडीची बारीक पूड असते. दाताचं वरचं कवच चांदीपेक्षा पुष्कळ कठीण, म्हणून दातांना ती पूड सोसते. चांदी मऊ. काळेपणाबरोबर चांदीचाही एक थर ब्रशवर येतो, आणि तो पहिल्यांदा कुठून येतो तर उंच भागावरून : दाढी, भुवई, मुकुटाचे मणी. जॉर्ज पंचमच्या १९११ सालच्या रुपयावर बादशहाच्या अंगावरच्या झग्यात एक एवढासा हत्ती आहे. तो हत्ती नसून डुक्कर आहे अशी ओरड झाली, बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेबिंडेसकट काढला. नाणी जमवणारे आज त्या १९११ च्या रुपयासाठी जास्त पैसे मोजतात, आणि ओळख पटते ती तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या जनावरावरून. जुना ब्रश त्यावर चार वेळा फिरला की हत्ती काय आणि डुक्कर काय! मुलानं घासला तो रुपया कोणत्या सालचा आहे, ते मागच्या बाजूला बघून घ्या. आता त्याला आणखी काही करू नका. उघड्या हवेत तो हळूहळू पुन्हा काळवंडेल. उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात ठेवून तो मुद्दाम काळा करायचा उपायही मुलाला मोबाइलवर सापडेल, तोही नको.

मुळात हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. लोखंड गंजतं तशी चांदी नुसत्या हवेनं गंजत नाही. तिला गंधक लागतो. तो हवेत असतो, कांदा-लसणीत, अंड्यात, लोकरीत, रबरात असतो. गंधक आणि चांदी मिळून सिल्व्हर सल्फाइड होतं. आधी पिवळसर, मग तांबूस, निळसर आणि शेवटी काळं. हा थर दुधावरच्या सायीहूनही पातळ असतो आणि खालची चांदी बहुतेक शाबूत असते. म्हणून नुसतं काळं पडलेलं नाणं बघून जीव घाबरा करून घ्यायचं कारण नाही.

राखाडी खरपुडीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. आपल्याकडच्या जुन्या मातीच्या भिंतींना लोणा लागतो, तो तुम्ही आयुष्यभर झाडला असेल. त्या खारात क्लोराइड असतं आणि वर्षानुवर्षं ओलीत राहिलेल्या चांदीचं त्यानं सिल्व्हर क्लोराइड होतं. हा थर जाड असतो, मेणचट किंवा शिंगासारखा दिसतो, आणि मुख्य म्हणजे अक्षरं-चेहरा सगळं आता त्या थरातच उरलेलं असू शकतं. खरपुडी काढली की खाली गुळगुळीत चकती निघायची. अशा नाण्यांना घरातला एकही उपाय लावायचा नाही. कुणी अमोनिया सुचवेल, कारण त्यात हा थर विरघळतो. पण चांदी विरघळलेलं अमोनियाचं पाणी ठेवून दिलं तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. स्वयंपाकघरात तो खेळ नको.

हिरवं आलंय ते तांब्याचं. ब्रिटिश काळातल्या रुपयात साधारण ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं. शिवाय सगळं पितळी गडव्यात दाटीवाटीनं बसलेलं. तांबं कळकून वर आलंय. चिंच आणि लिंबू इथे अगदी चोख काम करतात, तोच घोटाळा आहे. आंबट पदार्थ तांब्याचा कळक खातो. काळ्या सल्फाइडला मात्र तो फारसं काही करत नाही. म्हणजे सासूबाईंच्या चिंचेनं हिरवं जाईल, नाण्याच्या पृष्ठभागातलं तांबंही थोडं निघून येईल, काळं तिथेच राहील आणि वर एक पांढुरकी मरगळ येईल. त्यांना सांगा, ताम्हण-तांब्याला चिंचेसारखं दुसरं काही नाही, पण हे ताम्हण नव्हे. पितांबरीचंही तेच, ती तांब्या-पितळेसाठी केलेली भुकटी, तिथे ती उत्तमच. शेजारणीच्या विभूतीत राखेचे कण असतात, रांगोळीत तर खरखरीत दगडाचीच पूड. आपल्या देवघरांमधले कितीतरी टाक पिढ्यान्‌पिढ्या असे घासून घासून इतके झिजले आहेत की घोडा आहे म्हणून खंडोबा म्हणायचं, म्हाळसा आणि कुत्रा अंदाजानं. तुमचा टाक एवढी वर्षं भिंतीत राहिला म्हणून त्याच्यावरचं नाकडोळ्यांचं काम अजून धड असण्याची शक्यता जास्त. बघा एकदा उन्हात तिरपा धरून.

आता तुम्ही विचारलेलं नाही ते सांगते, कारण ते जास्त तातडीचं आहे. अशा वस्तूंना कायदा आहे : १८७८ चा निखात निधी अधिनियम. जमिनीत लपवलेली किंवा जमिनीला जोडून असलेल्या कशातही लपवलेली कोणतीही किमतीची वस्तू त्यात येते. भिंतीतलं बळद त्यात आलं. सापडलेल्या वस्तूंची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल – आणि इंग्रजांनी ठरवलेला हा आकडा अजून तोच आहे – तर सापडणाऱ्यानं शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायच्या, नाहीतर सांगाल तेव्हा हजर करू असा जामीन द्यायचा. कळवलं नाही तर आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "आमच्याच आजेसासूबाईंचं आहे, त्यात सरकारचा काय संबंध" हे घरात सगळे म्हणणार. तुमचं म्हणणं खरंही असेल. पण ते मांडायची जागा जिल्हाधिकारी कार्यालय आहे, ओट्यावरची परात नव्हे.

आणि इथेच नाण्यांवरची सालं तुमच्या कामाला येतात. वस्तू गेल्या शंभर वर्षांत आपल्याच माणसानं लपवली, असं म्हणणाऱ्याला दिवाणी न्यायालयात आपला हक्क शाबीत करायची संधी हा कायदा देतो. गडव्यातलं सगळ्यात अलीकडचं नाणं ज्या सालचं, त्याच्या आधी गडवा पुरलेला असूच शकत नाही. व्हिक्टोरियाच्या रुपयांवर मात्र एकदम भिस्त ठेवू नका. १८६२ साल टाकलेले रुपये त्यानंतरही बरीच वर्षं तेच साल ठेवून पाडत होते. एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१०, जॉर्ज पंचमचे १९११ पासून पुढे. जॉर्ज सहावा असेल आणि साल १९४० ते १९४५ मधलं असेल तर त्यात चांदी निम्मीच. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हाचे ते. सोलापुरात भिंतीत काही सापडलं की लोक लगेच १९३० च्या मार्शल लॉपर्यंत, म्हणजे इंग्रजांनी शहरावर लादलेल्या लष्करी अमलापर्यंत, जाऊन पोचतात. तुमच्या घरीही कुणी पोचलं असेल. शेवटचं नाणं १९१९ चं निघालं तर ती गोष्ट शक्य आहे, एवढंच म्हणता येईल. १९३८ चं निघालं तर विषय संपला. ज्या आकड्यांवर हे सगळं अवलंबून आहे, तेच आकडे टूथपेस्टनं उडवायचे का?

म्हणून आता एवढं करा. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. नाणी एकेक करून वजन करा. जुन्या बायका वजन सांगताना 'रुपयाभार' म्हणत ते उगाच नव्हे. हा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. झिजून थोडा कमी भरेल, पण ग्रॅम-दीड ग्रॅमचा फरक दिसला किंवा चुंबकाला चिकटला तर तो रुपया संशयास्पद. माती काढायचीच असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर मिळतं, त्यात नाणं बुडवून ठेवा, माती आपोआप सुटेल तेवढी सुटू द्या आणि सुती फडक्यावर ठेवून वाळवा. पुसायचं नाही. बोअरच्या पाण्यात धुऊ नका, आपल्याकडच्या बोअरला क्षार किती ते तुमच्या नळाच्या तोटीवर दिसतच असेल. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं. मग हाताळणं बंद. हाताच्या घामातलं मीठ ठसे उमटवतं, म्हणून कडेनंच धरा.

नाण्यांत एखादं ब्रिटिशांच्या आधीचं निघालं, म्हणजे फारसी अक्षरांचं किंवा अंकुशाची खूण असलेलं, तर सराफाकडे न जाता आधी जाणकाराला दाखवा. पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, राज्याचं पुरातत्त्व खातं आहे. सराफाचा हिशेब चांदीच्या भावाचा असतो आणि त्यात त्याची काही चूक नाही, तो त्याचा धंदाच आहे. चकचकीत घासलेल्या नाण्याला जमवणारा माणूस कमी किंमत देतो, कधीकधी नुसत्या चांदीची. काळ्या नाण्याला तो जास्त देतो. हे घरात कुणाला पटत नाही, पण बाजार तसाच आहे.

यथावकाश वस्तू तुमच्या हातात आल्या, की मग दागिन्यांचं बघू. ते अंगावर घालायचे असतात, त्यांना नाण्यांचा नियम लावायची गरज नाही. जोडवी आणि वाळे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं हलके धुवा आणि मलमलीच्या कापडानं कोरडे करा. एवढ्यानं निम्मं काम होतं. नक्षीच्या खाचांतलं काळं तसंच राहू द्या; उंच भाग उजळ आणि खाचा काळ्या, यातच जुन्या चांदीचं काम खुलतं. तोड्यांच्या बाबतीत एक बघा. दिसायला जाडजूड आणि हाताला हलके लागले तर ते पोकळ असून आत लाख भरलेली असू शकते. लाख गरम पाण्यात मऊ होते, तोडा बसतो आणि मग सराफही हात टेकतो. असे तोडे फक्त ओल्या फडक्यानं पुसायचे. कुयरीत जुन्या हळदीचे कण असतील तर तिला सोडा लावू नका, हळद लालभडक होईल आणि सांध्यात जाऊन बसेल.

सराफाकडून उजाळा करून घ्यायचा झाला तर मधल्या मारुतीजवळ सराफांची दुकानं आहेतच. तिथे स्पष्ट सांगा : तेजाबात बुडवायचं नाही, रिठ्याच्या पाण्यानं करा. समोर वजन करून द्या आणि घेताना पुन्हा समोरच वजन करून घ्या. टाकाला उजाळा नको. तो पूजेत ठेवायचा असेल तर नुसता कापसानं पुसून ठेवा, देवाला काळेपणाचा विटाळ नसतो.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, लोकरीच्या कापडात तर नकोच. धुतलेल्या मलमलीत बांधून झिपच्या पिशवीत घाला, सोबत औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी टाका आणि कपाट स्वयंपाकघरापासून दूरचं निवडा.

या वर्षी गौरींसमोर लखलखीत काही हवंच आहे, आणि मुलाचा उत्साहही वाया जायला नको. फॉइलचा उपाय थोतांड नाही. घरातल्या रोजच्या भरीव चांदीला तो चांगला लागू पडतो. साधी वाटी, फुलपात्र, निरांजन घ्या. खडे बसवलेलं, मीनाकाम केलेलं, मुलामा दिलेलं, लाखेचं किंवा मुद्दाम काळं केलेलं ऑक्सिडाइज्ड काही घेऊ नका. त्यातलं काळं हीच तिथली नक्षी असते. काचेच्या नाहीतर स्टीलच्या पातेल्यात तळाला फॉइल अंथरा, चकचकीत बाजू वर. लिटरभर कडकडीत गरम पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा विरघळवून ओता. मीठ टाकू नका. पुष्कळ जण टाकायला सांगतात, पण मिठातलं क्लोराइड चांदीला बारीक खड्डे पाडू शकतं, आणि सोड्यानं काम होतं तर मीठ हवंय कशाला? वाटी फॉइलला टेकेल अशी ठेवा. अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं, चांदी वाटीवरच राहते, फॉइल काळपट पडते. घासण्यात चांदी जाते, इथे ती जात नाही, हा या उपायाचा खरा गुण. परत बसलेली चांदी किंचित मंद दिसते, नव्यासारखी झगमगत नाही. ते चालवून घ्या, किंवा मऊ कापडानं हलकी पुसा. दोन-तीन मिनिटांत काढा, फिल्टरच्या पाण्यानं खळखळून धुवा, लगेच कोरडी करा. कुजक्या अंड्यासारखा वास सुटेल, तो त्या गंधकाचाच. खिडकी उघडी ठेवा.

आणि अर्ज लिहिताना वकिलाला विचारून घ्या की सापडणारा म्हणून कुणाचं नाव घालायचं. हातोडा गवंड्याचा होता. निधी बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार झालेला नसेल तर कायद्यानं तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा असतो आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. गवंड्याला अंधारात ठेवून कागद करू नका.